रद्दीचा भाव

आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत वर्तमानपत्र एकच येते आणि ते आम्ही सातजण पाने वाटून घेऊन वाचतो. माझ्या वाट्याला बहुधा परदेशच्या बातम्यांचे पान येते. चित्रकलेच्या मास्तराला राजकारणाचे किंवा क्रिकेटचे पान कोण देणार? नोव्हेंबर २०२५ मध्ये असेच ते पान चाळताना कोपऱ्यातली एक बातमी मी दोनदा वाचली आणि शेजारी बसलेल्या गणिताच्या सरांना म्हटले, "हा आकडा जरा रुपयांत करून द्या हो."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि म्हणाले, "ऐंशी कोटींच्या घरात जाईल. कसला पूल आहे?"

"पूल नाही, चित्रांचं पुस्तक आहे. मुलं वाचतात तसलं."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की एवढ्या वर्षांत माझ्या विषयाला प्रथमच थोडी प्रतिष्ठा आल्यासारखी वाटली.

बातमी अशी होती : 'सुपरमॅन' या कॉमिकच्या १९३९ साली निघालेल्या पहिल्या अंकाची एक प्रत अमेरिकेत लिलावात ९१ लाख २० हजार डॉलरला गेली. उत्तर कॅलिफोर्नियातले तीन भाऊ आई वारल्यानंतर, २०२४ मध्ये, तिच्या घराचा माळा आवरीत होते. जुन्या वर्तमानपत्रांच्या थराखाली पुठ्ठ्याचे एक खोके निघाले, आणि त्यात हा अंक. आई हयात असताना मुलांना सांगत असे, की माझ्यापाशी लहानपणची दुर्मिळ कॉमिक्स आहेत. मुलांनी ती कधी पाहिली नव्हती. आया असे पुष्कळ काही सांगत असतात.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आई मेथी निवडीत बसली होती. तिला मी सगळी हकीकत सांगितली. खोके, माळा, वर्तमानपत्रे, काही सोडले नाही. आणि शेवटी म्हणालो, "ठेवणारी आई असली की असं होतं."

हे वाक्य साधे नव्हते. त्याला बत्तीस वर्षे धार लावलेली होती. आईला ती बरोबर लागली. हातातली काडी बाजूला टाकीत ती म्हणाली, "अजून ती रद्दी निघत नाही का रे तुझ्या डोक्यातून?"

ती रद्दी म्हणजे माझी इंद्रजाल कॉमिक्स. मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी मार्च १९६४ मध्ये ती सुरू केली आणि १९९० मध्ये बंद केली. इंग्रजीत निघत, हिंदीत निघत, मराठीतही निघत. घनदाट अरण्यात कवटीच्या गुहेत राहणारा, डोळ्यांवर काळी पट्टी बांधणारा फँटम हा त्यांतला मुख्य नायक. हिंदीतून आलेल्या नावावरून आम्ही त्याला वेताळच म्हणत असू. मुंबईचा मामा दर दिवाळीला फुटपाथवरून घेतलेल्या जुन्या अंकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा आणी, आणि फटाक्यांची वाटणी बाजूला ठेवून मी तो गठ्ठा घेऊन माळ्यावर जाई. होता होता चौसष्ट अंक झाले. ते मी एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले होते. १९९३ च्या मे महिन्यात मी मामाकडे गेलो असताना आईने ट्रंक रिकामी केली. पावसाळ्यासाठी धान्य भरायला तिला ट्रंक हवी होती. रद्दीवाल्याने साडेअकरा रुपये दिले. त्यांत पदरचे अडीच घालून तिने पिठाची चाळण आणली. ती चाळण अजून आमच्या घरात आहे. तिच्यातून चाळलेल्या पिठाची भाकरी मी बत्तीस वर्षे खातो आहे आणि बत्तीस वर्षे कुरकुरतो आहे.

त्या बातमीने माझी कुरकुर पुन्हा जागी झाली, आणि पुढचे काही महिने मी या अमेरिकन बाजाराची माहिती जमवण्याच्या नादी लागलो. मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती : दहा सेंटच्या कागदाला एवढा भाव चढतो तरी कसा?

गोष्ट सुरू होते १९३८ च्या एप्रिलमध्ये. 'ॲक्शन कॉमिक्स' नावाच्या मासिकाचा पहिला अंक तेव्हा अमेरिकेत विक्रीला आला. अंकावर महिना जूनचा, किंमत दहा सेंट. मुखपृष्ठावर निळ्या पोशाखातला, पाठीवर तांबडा झगा सोडलेला एक माणूस हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आदळतो आहे. सुपरमॅन जगाला प्रथम दिसला तो इथे. त्याला जन्म देणारी जेरी सीगल आणि जो शूस्टर ही क्लीव्हलँडची दोन तरुण पोरे. एक लिही, दुसरा चित्रे काढी. पहिल्या गोष्टीची पाने तेरा, पानाला दहा डॉलर, म्हणून १३० डॉलर त्यांना मिळाले, आणि त्या १३० डॉलरांतच सुपरमॅनचे सगळे हक्क प्रकाशकाकडे गेले. इतर कामाचे पैसे धरून ४१२ डॉलरचा जो चेक त्यांच्या हाती पडला होता, तो चेकचा वटवलेला कागद २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. ते पाहायला दोघांपैकी कोणीच नव्हते. शूस्टर १९९२ मध्ये वारला, सीगल १९९६ मध्ये. खूप ओरड झाल्यावर १९७५ मध्ये कंपनीने दोघांना वर्षाकाठी वीस वीस हजार डॉलर बांधून दिले. तेव्हा चित्रे काढणाऱ्या शूस्टरची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. मी हे वाचले तेव्हा माझ्या हातात रंगाची बशी होती. ती मी खाली ठेवली.

असो. त्या पहिल्या अंकाच्या छापल्या सुमारे दोन लाख प्रती. आज जगात शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. मग बाकीच्या गेल्या कुठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आमच्या घरची चाळण पुन्हा पुन्हा आठवत होती. पुष्कळशा प्रती मुलांनीच वाचून वाचून फाडल्या. त्यांची अदलाबदल झाली, त्या शाळेत गेल्या, अंथरुणात गेल्या, पावसात भिजल्या. मग दुसरे महायुद्ध आले. कागदाचा तुटवडा पडला आणि देशासाठी रद्दी गोळा करण्याची मोहीम निघाली. मुले हातगाड्या घेऊन दारोदार फिरली. आपापले सुपरमॅन आणि बॅटमॅन त्यांनी स्वतःच गाडीवर टाकले असणार. देशासाठी म्हटल्यावर मूल काय वाटेल ते देते. त्यानंतर उरले ते आयांच्या हाती आले. मुलगा कॉलेजात गेला, सैन्यात गेला, लग्न होऊन वेगळा झाला, की आईने खोली आवरायला घ्यायची आणि खोके दारात नेऊन ठेवायचे. अमेरिकेतल्या त्या पिढीच्या पुरुषांत, आईने माझी कॉमिक्स टाकून दिली, ही तक्रार घरोघरची आहे. तेव्हा मी काही जगावेगळा नाही.

पण आणखी एक कारण सापडले, आणि तिथे मी थबकलो. १९४८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर या लहानशा गावात शाळेच्या आवारात कॉमिक्सची होळी पेटवण्यात आली. दोन हजारांच्या आसपास अंक मुलांनी स्वतः घरोघर फिरून जमवले आणि स्वतःच आगीत टाकले. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्येही त्याच वर्षी अशीच होळी झाली. या पुस्तकांनी मुले बिघडतात, गुन्हेगार होतात, असे तेव्हा सगळीकडे बोलले जात होते. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ मध्ये त्यावर मोठे पुस्तकच लिहिले, सिनेटच्या समितीपुढे साक्षी झाल्या, आणि प्रकाशकांनी आपणहून आपल्यावर नियमांचे जोखड घालून घेतले. या होळ्यांच्या मागे उत्तेजन कुणाचे होते? पाद्र्यांचे होते, पालकांचे होते, आणि शिक्षकांचे होते. आपल्या विद्यार्थ्यांचे भले चिंतणारे, सज्जन, पापभीरू शिक्षक. शिक्षकांच्या खोलीत बसून मी हे वाचत होतो, आणि का कोण जाणे, मी वर मान करून कपाटाकडे पाहिले.

त्या कपाटाविषयी पुढे सांगतो.

तर हा बाजार असा उभा राहिला. १९६० च्या सुमारास जुन्या वाचकांना आपले हरवलेले अंक पुन्हा हवेसे वाटू लागले. १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट या गृहस्थाने भावांचे पुस्तकच काढले, आणि कोणता अंक कितीला हे छापील झाले. २००० साली एक कंपनी निघाली. ती अंक तपासते, दहापैकी गुण देते आणि कडक पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत तो कायमचा बंद करून पाठवते. मास्तर म्हणून मला या गुण देण्याचे मोठे कौतुक वाटले. अर्ध्या अर्ध्या गुणावरून भांडणारे पालक मी पाहिले आहेत, पण इथे एकेका गुणाला लाखो डॉलर पडतात. २०१० मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची आठ गुणांची प्रत दहा लाख डॉलरला गेली. कॉमिकने ही पायरी चढण्याची ती पहिलीच वेळ. २०१४ मध्ये नऊ गुणांची प्रत बत्तीस लाखांवर गेली. २०२१ मध्ये स्पायडरमॅनच्या पहिल्या दर्शनाचा, १९६२ चा अंक छत्तीस लाखांना, २०२४ मध्ये 'ॲक्शन'ची साडेआठ गुणांची प्रत साठ लाखांना, आणि मग त्या तीन भावांचा अंक.

त्याच्याही पुढची कथा एका नटाची आहे. निकोलस केज याने १९९० नंतरच्या दशकात 'ॲक्शन'चा पहिला अंक दीड लाख डॉलरला घेतला होता. २००० साली तो त्याच्या घरातून चोरीला गेला. अकरा वर्षांनी, २०११ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या भाड्याच्या एका गोदामखोलीत इतर अडगळीबरोबर सापडला, आणि त्याच वर्षी एकवीस लाख एकसष्ट हजारांना विकला गेला. तोच अंक जानेवारी २०२६ मध्ये खाजगी सौद्यात दीड कोटी डॉलरला गेला. दीड लाखाचे दीड कोटी! आणि चोरीचे त्याच्या किमतीला काही वावडे झाले नाही. उलट, आख्यायिकेची भर पडली.

हे सारे वाचून एखाद्याला वाटेल, की घरातली प्रत्येक चित्रांची चोपडी आता जपून ठेवावी. अमेरिकेतल्या लोकांनाही असेच वाटले होते. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'च्या एका नव्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मरतो असा अंक निघाला. तो काळ्या पिशवीत बंद होता आणि आत शोक करायला दंडावर बांधायची काळी पट्टी होती. लोकांनी तो रांगा लावून घेतला. एक वाचायला आणि चार ठेवायला, असा हिशेब होता. मुलांच्या शिक्षणाची सोय झाली असे आईबाप समजू लागले. सगळ्यांनी घेतला, सगळ्यांनी जपला, पिशवीसुद्धा उघडली नाही, आणि म्हणून आज त्याला जवळजवळ काही मोल नाही. पुढे बाजार कोसळला, दुकाने बंद पडली, आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हल या बलाढ्य कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२० नंतरच्या साथीच्या दिवसांत पुन्हा एकदा असाच फुगा फुगला, आणि २०२२ नंतर त्यातली पुष्कळशी हवा गेली. शिखरावरचे मोजके अंक तेवढे चढत राहिले.

म्हणजे हिशेब सरळ आहे. जे सगळ्यांनी ठेवले त्याला भाव नाही. ज्याची किंमत आज कोटींत बोलली जाते, ती किंमत त्याच्या भावंडांच्या मरणाने आली आहे. दोन लाखांतल्या एक लाख नव्याण्णव हजार नऊशे प्रती कुणीतरी फाडल्या, जाळल्या, विकल्या. त्या सगळ्यांचे मोल उरलेल्या शंभरांच्या अंगावर चढले. ती किंमत वाढवायला अमेरिकेतल्या प्रत्येक आईने आणि प्रत्येक मास्तराने हातभार लावला आहे, आणि त्याबद्दल त्यांना कुणी दलाली दिलेली नाही.

अर्थात नुसते दुर्मिळ असून भागत नाही, ते कुणाला तरी हवेही असावे लागते. मी दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांच्या न खपलेल्या प्रती माझ्या माळ्यावर आहेत. कुणाच्याही बोटाचा डाग नाही, पान दुमडलेले नाही, दहापैकी साडेनऊ गुण सहज पडतील. पण हा मुद्दा मी अधिक वाढवीत नाही.

मला खटकली ती ती प्लास्टिकची पेटी. त्या पेटीतला अंक वाचता येत नाही. वाचायचा तर पेटी फोडावी लागते, आणि पेटी फोडली की त्याचे गुण गेले. ज्या पुस्तकाला मुलांचे हात लागले नाहीत त्याला सर्वांत अधिक गुण! फाटलेले पान कुणी मायेने चिकटवले, उडालेला रंग भरला, तर पेटीवर जांभळी चिठ्ठी लागते, आणि जांभळी चिठ्ठी म्हणजे किंमत उतरली. मिनेसोटात एका माणसाने दहा हजार शंभर डॉलरला एक मोडकळीला आलेले घर घेतले. भिंतीत थंडीसाठी कागद कोंबलेले होते, त्यांत 'ॲक्शन'चा पहिला अंक निघाला. घरात नातेवाईकांची गर्दी, उत्साह, ओढाओढ. त्या ओढाओढीत मागचे पान फाटले आणि गुण तिनावरून दीडवर आले. तरीही २०१३ मध्ये त्या दीड गुणाचे एक लाख पंचाहत्तर हजार डॉलर आले. भिंतीत सुखाने होता तोवर शहाणा होता, माणसांत आला आणि फाटला.

पण बाजारही अगदीच निर्दय नसतो. १९७७ मध्ये कोलोरॅडोत अठरा हजारांहून अधिक अंकांचा एक संग्रह सापडला. सगळे नव्यासारखे. तो जमवणारा गृहस्थ टेलिफोनच्या पुस्तकातल्या जाहिरातींची चित्रे काढीत असे. चित्रकलेसाठीच त्याने ते घेतले आणि थरावर थर रचून ठेवले. घरची माणसे ते टाकून द्यायला निघाली होती. आणि नेब्रास्कातल्या एका खेड्यात, १९३० नंतरच्या दशकात, दुकानदार एका मुलासाठी अंक बाजूला काढून ठेवी आणि दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून वर पेन्सिलीने त्याचे नाव लिही. आज ते पेन्सिलीतले नाव असलेल्या अंकांना लोक शोधत फिरतात. एका मुलाचे नाव, आणि तेच त्याचे भूषण झाले.

या फूटपट्टीने मी माझ्या चौसष्ट अंकांना गुण देऊन पाहिले. दिवाळीच्या तेलाचे डाग. वेताळाची आकृती मी कार्बन ठेवून गिरवीत असे, त्यामुळे प्रत्येक पानावर पेन्सिलीचे चर. दोन अंकांतले घोडे कापून वहीत चिकटवलेले. दहापैकी अर्धा गुण मिळाला असता, तोही मास्तर दयाळू असता तर. पण त्याच चरांतून माझा हात वळला. मॅट्रिक झाल्यावर मी चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली ती त्या गिरवण्याच्या जोरावर. तेव्हा माझ्या अंकांचे जे व्हायचे होते ते रद्दीत जाण्याच्या आधीच होऊन गेले होते. आईने विकली ती फक्त टरफले. हे मला कळायला बत्तीस वर्षे लागली, आणि एका सकाळी चहा पिताना मी ते आईला सांगूनही टाकले. ती म्हणाली, "बरं झालं. आता भाकरी गोड लागेल."

इथे हा लेख संपवता आला असता. पण ते कपाट राहिले.

२०१० साली नववीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील एस.टी.त कंडक्टर होते. या मुलाने एका चाळीसपानी वहीत कॉमिक काढले होते. नायक कंडक्टरच, रात्री शेवटची गाडी डेपोत लावली की तो खांद्याला तिकिटांची पेटी अडकवून उडायचा. घाटात लुटारू गाडी अडवायचे आणि हा वरून उतरून प्रत्येकाला तिकीट फाडून द्यायचा : एक तुरुंग, जाणेयेणे. वहीच्या पुठ्ठ्यावर मुलाचे नाव होते आणि खाली लिहिले होते, 'विक्रीसाठी नाही. वाचण्याचे भाडे १ रुपया.' वर्गात ती वही फिरत होती. एका मुलाच्या आईने तक्रार केली, की खाऊचे पैसे कुठे जातात. मी वही जप्त केली.

रात्री घरी नेऊन मी ती वाचली. एकदा हसण्यासाठी आणि एकदा पाहण्यासाठी. घाटातली वळणे त्याने वरून, उडणाऱ्याच्या डोळ्यांनी काढली होती. गाडीचे दोन दिवे आणि दरीतला अंधार, सगळे साध्या पेन्सिलीत. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत असा हात मी पाहिला नव्हता. माझा स्वतःचा हात धरून सांगतो. मी त्याला हे सांगायला हवे होते. पण शिस्तीची बाब होती, तक्रार ताजी होती. वार्षिक परीक्षा झाली की बोलावू, वही देऊ, पाठ थोपटू, असे ठरवून मी ती शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. मग परीक्षा आली, पेपर आले, निकाल आला. मे महिन्यात जुन्या उत्तरपत्रिकांबरोबर कपाट रिकामे झाले. शिपायाने पावती पुढे केली, अठरा किलोंची, आणि मी तिच्यावर सही केली.

जूनमध्ये तो दाराशी येऊन उभा राहिला. "सर, माझी वही?"

वही गेली हे मला त्या क्षणी कळले. आणि मी त्याला म्हणालो, "आता दहावी आहे. अभ्यासाकडे लक्ष दे."

दोन लाखांतल्या शंभर उरल्या तर एवढा भाव. इथे तर एकच प्रत निघाली होती.

तो मुलगा आता तिशीचा आहे. गावात त्याचे फ्लेक्सचे दुकान आहे. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, श्रद्धांजलीचे फलक तो संगणकावर जुळवून छापतो. शाळेचे कामही त्याच्याकडेच असते आणि शाळेला तो नेहमी सूट देतो. या वर्षी स्नेहसंमेलनाचा फलक सांगायला मी गेलो तेव्हा मनाशी ठरवून गेलो होतो. बोलणे काढावे म्हणून त्याला आधी त्या दीड कोटी डॉलरांची बातमी सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "माझीपण एक आहे की, सर, तुमच्याकडे."

मी गप्प राहिलो.

"कुणी विचारलं तर सांगतो मी," तो पडद्यावरचा मजकूर सरकवीत म्हणाला. "नववीत एक काढलं होतं, ते सरांनी ठेवून घेतलंय. आवडल्याशिवाय का कुणी परत द्यायचं विसरतं?"

मी फलकाचे माप सांगितले आणि घरी आलो. जेवताना आईला सगळे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग ताटातली भाकरी मोडीत म्हणाली, "मी निदान त्या पैशांची चाळण तरी आणली. तू काय आणलंस?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुन्हा दुकानात गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसलो, आणि मग जे झाले होते ते सांगितले. कपाट, पावती, अठरा किलो, आणि जूनमधले ते वाक्य. वही फार चांगली होती, हेही सांगितले. ते सांगायला मला पंधरा वर्षांचा उशीर झाला होता, आणि एवढ्या उशिरा ते कसे ऐकू येते हे माझे मलाच ऐकू येत होते.

तो संगणकाच्या पडद्याकडे पाहत राहिला. यंत्रातून कुणाच्या तरी वाढदिवसाचा चेहरा हळूहळू बाहेर येत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "त्यात शेवटचं पान राहिलं होतं काढायचं." आणि मग, "फलक सहा बाय चारचाच ना, सर?"

मी हो म्हणालो. त्याने फलकाची गुंडाळी बांधून दिली आणि पावती फाडली. दरवेळची सूट त्यात नव्हती. मी पावतीवरचा आकडा पाहिला, खिशातून पैसे काढले आणि एकेक नोट मोजून त्याच्या हातात ठेवली.